धंदा की पेशा? आमच्या घरातलं भांडण

मामांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत आहे आणि माझा धाकटा भाऊ यंदा वकील झाला. परवा जेवताना मामा त्याला म्हणाले, "आरं ती जमिनीच्या मोबदल्याची केस आलीय ना, मग फी कशाला मागत बसतोस, निकाल लागला की धा टक्के घे." भाऊ म्हणाला, मामा, तसं केलं तर सनद, म्हणजे वकिलीचा परवानाच जाईल. मामांना आधी ती चेष्टाच वाटली.

तर धंदा आणि पेशा यातला फरक इथं आहे बघा. आडत टक्क्यावरच चालते, सौद्यात हळद चढ्या भावानं गेली की आडत्याचंबी भलं आणि शेतकऱ्याचंबी, त्यात गैर काय नाही. पण वकिलानं निकालावर फी ठरवायची नाही, स्वतःची जाहिरात करायची नाही, हे बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्याच नियामक संस्थेचे नियम.

मामा म्हणाले लायसन तर मलाबी लागतंय. बरोबरे, बाजार समितीचं लागतं, पण त्यासाठी त्यांना कुठली डिग्री दाखवावी लागली नाही. आणि वकील चुकला तर त्याची चौकशी वकीलच करतात, 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनं तो अधिकार बार कौन्सिलला दिलाय. सीए लोकांचं तसंच, त्यांचा कायदा 1949 चा. म्हणजे धंद्यात गिऱ्हाईक नाराज झालं की खेळ संपला, पेशात गिऱ्हाईक खूश असूनपण सनद जाऊ शकते. पैसा किती मिळतो याचा यात काय संबंध नाही, नवीन वकिलापेक्षा मामा लय कमावतात!

कोर्टालापण हे सोपं गेलेलं नाही. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते असं सुप्रीम कोर्टानं 1995 ला सांगितलं आणि वकिलांची येत नाही असं 2024 ला. दोन्ही पेशेच की. (पेशा शब्द फारसी, तिकडं अर्थ नुसता कामधंदा. पेशव्यांशी त्याचं नातं लावू नका, तो 'पेश' म्हणजे पुढं वाला शब्द वेगळा.)

आणि मिरजेचे सतारमेकर कुठं बसवायचे सांगा. मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे, हत्यारांचं काम गेल्यावर दीडशेपेक्षा जास्त वर्षांमागं तंतुवाद्यांकडं वळले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो, पण खरं कसब जवारीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी इतकी बारीक घासायची की तार नुसती वाजायच्याऐवजी गुंजली पाहिजे, जरा जास्त घासलं की परत पहिल्यापासनं. हे बापाकडनं पोरानं शिकायचं, डिग्री नाही, सनद नाही, कौन्सिल नाही. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण ते वाद्याला. माझ्या मते ज्ञान बघितलं तर हा पेशाच, कागद बघितले तर धंदा.

मी स्वतः नोकरदार, धंदा नाही न् पेशापण नाही. तरी पगारातनं दर महिन्याला 'व्यवसाय कर' कापतेत, 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500.