अपस्मार साहाय्यक श्वान

अपस्मार (मिरगी, फेफरे) असलेल्या व्यक्तीजवळ राहून आकडीच्या वेळी ठरावीक कामे करायला शिकवलेल्या कुत्र्यास अपस्मार साहाय्यक श्वान म्हणतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांपैकी ज्यांच्या आकड्या औषधांनी आटोक्यात येत नाहीत, अशांच्या बाबतीत या कुत्र्याचा विचार प्रामुख्याने होतो.

आकडी सुरू होताच भुंकून घरच्यांना बोलावणे, मदतीच्या घंटेचे बटण पंजाने दाबणे, रुग्णाच्या अंगाला अंग लावून पडून राहणे आणि शुद्धीवर येताना तो भांबावलेला असेल तेव्हा त्याच्यासोबत थांबणे ही त्याची नेहमीची कामे होत. (येथे भुंकणे ही खोड नसून कामगिरी आहे, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.) काही रुग्णांच्या छातीत त्वचेखाली व्हेगस मज्जातंतूला (मेंदूपासून मानेतून छाती-पोटाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला) उद्दीपन देणारे यंत्र बसवलेले असते व त्यावरून चुंबक फिरवल्यास जादा विद्युतस्पंद मिळून आकडी कधीकधी थांबते किंवा सौम्य होते. अशा रुग्णाच्या कुत्र्याच्या गळपट्ट्यातच चुंबक बसवून त्याला मालकाच्या छातीशी मान टेकवायला शिकवल्याचीही उदाहरणे आहेत.

आकडी येण्यापूर्वीच इशारा देण्याची क्षमता ही निराळी बाब आहे. काही कुत्री सहवासातून आपोआप असा इशारा देऊ लागतात. परंतु हे कौशल्य हमखास शिकवता येते, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ प्रशिक्षित कुत्र्यांनी रुग्णांच्या श्वासाचे व घामाचे आकडीच्या वेळचे नमुने इतर वेळच्या नमुन्यांतून वेगळे ओळखले. आकडीला विशिष्ट गंध असतो, एवढे यावरून दिसते; तो गंध आधीपासूनच येतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय इशारा देणारे कुत्रे असलेल्या काही व्यक्तींच्या आकड्या अपस्माराच्या नसून मानसिक कारणांनी येणाऱ्या असल्याचे तपासणीत आढळले आहे. म्हणून कुत्र्याच्या शोधाआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडून निदान पक्के करून घेणे आणि आकड्यांचा प्रकार, वेळ व कालावधी यांची नोंदवही ठेवणे आवश्यक ठरते. अर्ज करतानाही बहुधा हीच माहिती मागितली जाते.

‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ ही संघटना प्रशिक्षण संस्थांना मान्यता देते. तिच्या सदस्य संस्थांची यादी शोधाच्या आरंभी उपयोगी पडते. प्रशिक्षणास साधारणतः दीड ते दोन वर्षे लागतात आणि प्रतीक्षा बहुधा त्याहून लांबते. कुत्रे जुळले नाही तर परत कोण घेणार, पुढील प्रशिक्षण कोण देणार आणि रुग्ण एकटा राहत असल्यास घंटा कोणाकडे वाजणार, हे प्रश्न करारापूर्वीच विचारावेत. पूर्वसूचनेची हमी देणारा विक्रेता टाळणेच इष्ट. सार्वजनिक ठिकाणच्या प्रवेशाचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार विशिष्ट काम शिकवलेल्या कुत्र्यास प्रवेश मिळतो व त्यासाठी नोंदणीपत्र लागत नाही; त्यामुळे तेथे इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ‘प्रमाणपत्रां’ना कायद्याच्या दृष्टीने किंमत नाही.

आकडी ५ मिनिटांहून अधिक लांबल्यास तातडीची वैद्यकीय मदत लागते. कुत्र्याला घड्याळ कळत नाही. वेळ मोजण्याचे, रुग्णाला कुशीवर वळवण्याचे आणि रुग्णवाहिका बोलावण्याचे काम, कुत्रे घरात आल्यानंतरही, माणसांनीच शिकून ठेवावे लागते.