सोनी बीएमजीच्या ‘एक्ससीपी’ सीडी : भरपाईसाठी कोण पात्र होतं, काय जोडावं लागत होतं

आधीच सांगतो, सोनी बीएमजी या गाण्यांच्या कंपनीकडे भरपाई मागण्याच्या अर्जाची मुदत ३१ डिसेंबर २००६ ला संपली. आता फॉर्म शोधू नका. पण पैसे मोजून आणलेल्या गाण्यांच्या सीडीनेच कॉम्प्युटरमध्ये गुपचूप बिऱ्हाड केलं, तर ग्राहकाच्या पदरात नेमकं काय पडतं, हे कंपनी आणि ग्राहकांच्या कोर्टातल्या तडजोडीत बारकाईने ठरलं होतं. म्हणून ही प्रक्रिया आजही वाचण्यासारखी आहे.

३१ ऑक्टोबर २००५ ला मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने लिहिलं, की सोनी बीएमजीच्या सीडीमुळे आपल्या मशिनमध्ये ‘रूटकिट’, म्हणजे स्वतःला लपवून बसणारं सॉफ्टवेअर, शिरलं आहे. ब्रिटनच्या ‘फर्स्ट फोर इंटरनेट’ कंपनीने सीडीची नक्कल रोखण्यासाठी बनवलेलं ते ‘एक्ससीपी’. त्याची खोड अशी, की डॉलरचं चिन्ह, मग ‘सिस’, मग पुन्हा डॉलर, अशी सुरुवात असलेल्या नावाची कुठलीही फाईल डोळ्यांदेखत गायब व्हायची. म्हणजे व्हायरसवाल्यांनाही लपायला आयता आडोसा! थोड्याच दिवसांत त्याचा फायदा घेणारा ट्रोजन, म्हणजे छुपा घातक प्रोग्रॅम, आलाही. २१ नोव्हेंबरला टेक्ससच्या अ‍ॅटर्नी जनरलनी आणि ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने वेगवेगळे दावे लावले. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यातल्या तडजोडीला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने २२ मे २००६ ला अंतिम मंजुरी दिली.

पात्रता. अमेरिकेत ज्याने अशी सीडी विकत घेतली, ज्याला ती भेट मिळाली किंवा ज्याने ती वापरली, तो पात्र. कॉम्प्युटर बिघडलाच पाहिजे अशी अट नव्हती. पुण्या-मुंबईतल्या ग्राहकाला मात्र या तडजोडीत जागा नव्हती. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना होती.

सीडी कोणती, ते ओळखणं. सगळी मेख इथे, कारण लाभ त्यावरच ठरायचा. एक्ससीपीच्या ५२ अल्बमांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत वेबसाईटचा पत्ता छापलेला असे आणि त्याच्या शेवटी ‘एक्ससीपी’ ही अक्षरं. ‘सनकॉम’चं नाव दिसलं, तर ती त्या कंपनीच्या ‘मीडियामॅक्स’ या नक्कल रोखणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची सीडी.

काय मिळायचं. एक्ससीपीवाल्याला बदली स्वच्छ सीडी आणि त्याच अल्बमचं डाउनलोड. शिवाय साडेसात डॉलर रोख व एक जादा अल्बम, किंवा रोख नको असेल तर तीन अल्बम. मीडियामॅक्सच्या ५.० आवृत्तीला तोच अल्बम डाउनलोड करून आणि वर एक जादा अल्बम. ३.० वाल्यांची बोळवण फक्त त्याच अल्बमच्या डाउनलोडवर. रक्कम किरकोळ वाटेल, आणि ती होतीच.

कागदपत्रं. एक्ससीपीसाठी मूळ सीडी कंपनीला परत पाठवायची, नाहीतर ती दुकानात परत केल्याची पावती जोडायची. म्हणजे वैतागून सीडी कचऱ्यात टाकणाऱ्याची पंचाईत.

न वाचता सही करू नये अशी जागा. तडजोडीत राहिलं की कंपनीवरचे बरेचसे दावे सुटायचे, पण सॉफ्टवेअरमुळे कॉम्प्युटर किंवा नेटवर्कचं जे नुकसान झालं, त्याचा दावा शाबूत राहायचा. माझ्या मते साडेसात डॉलरपेक्षा हीच ओळ मोलाची होती. ज्यांना तडजोडीतून बाहेरच पडायचं होतं, त्यांना १ मे २००६ पर्यंत तसं लेखी कळवायचं होतं.

बिघाडाच्या खर्चाची वाट वेगळी. डिसेंबर २००६ मध्ये कॅलिफोर्निया, टेक्सस आणि पाठोपाठ इतर अनेक राज्यांशी कंपनीने समझोते केले. त्यांत दुरुस्तीखर्चापोटी १७५ डॉलरपर्यंत मिळण्याची सोय होती. हे सॉफ्टवेअर हाताने उपटून काढायला जावं, तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. असे लोक यात येत. जानेवारी २००७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनेही, सॉफ्टवेअर काढताना झालेल्या नुकसानीसाठी १५० डॉलरपर्यंत भरपाई द्यायला लावली आणि सीडी बदलून देण्याची मुदत जून २००७ पर्यंत वाढवून घेतली.

जुन्या ढिगात अशी सीडी आज सापडलीच, तर साध्या सीडी प्लेअरवर खुशाल ऐका. जुन्या विंडोज मशिनमध्ये घालायचीच असेल, तर आत सरकवताना शिफ्टचं बटण दाबून धरा, म्हणजे ती आपोआप सुरू होत नाही.