हॉट स्टोव्ह लीग

हॉट स्टोव्ह लीग ही खरी लीग नाहीये. हिच्यात टीम नाहीत, पॉइंट्स टेबल नाही, एक मॅचसुद्धा होत नाही. अमेरिकेत बेसबॉलचा सीझन संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत फॅन मंडळी जो काथ्याकूट करत बसतात, म्हणजे कोण कुठल्या टीमला जाणार, कोणाला आत्ताच विकून टाकायला हवं, खालच्या लीगमधला कुठला पोरगा उद्याचा स्टार आहे आणि आपल्या जीएमला अक्कल आहे का नाही, त्या सगळ्याला मिळून हे नाव पडलंय. (जीएम म्हणजे जनरल मॅनेजर, प्लेअर आणणारा-विकणारा माणूस. बेसबॉलमध्ये नुसता 'मॅनेजर' म्हटलं तर तो वेगळा, तो मॅचच्या वेळी डगआउटमध्ये बसतो आणि शिव्या दोघांनाही पडतात.)

नाव जुनं आहे, शंभर वर्षांच्या वरचं. गावातलं किराणा दुकान नाहीतर न्हाव्याचं दुकान, मधोमध पेटलेला लोखंडी स्टोव्ह, बाहेर बर्फ, हाताला काम नाही, मग त्याच्याभोवती बसून तासन्‌तास बेसबॉल. आपल्याकडची शेकोटी म्हणा किंवा पारावरच्या गप्पा म्हणा, फक्त विषय एकच. पुढे स्टोव्ह गेले, हीटर आले, नाव मात्र तसंच राहिलं. जपान आणि कोरियातसुद्धा या दिवसांना 'स्टोव्ह लीग'च म्हणतात.

एवढा रिकामा वेळ का जाणवतो ते समजून घ्यायचं तर सीझनचा आकार बघायला पाहिजे. मेजर लीग म्हणजे तिथली सगळ्यात वरची लीग, तिच्यात ३० टीम, प्रत्येकीच्या १६२ मॅच, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज एक. मग ऑक्टोबरात प्लेऑफ, वर्ल्ड सिरीज (जास्तीत जास्त सात मॅचची फायनल), आणि एक दिवस अचानक सगळं बंद. सहा महिने रोज संध्याकाळी जेवताना जी गोष्ट चालू असते ती एकदम गायब झाली की माणूस बिथरतोच. रॉजर्स हॉर्न्सबी नावाचा जुना बॅटर होता, १९२४ मध्ये त्यानं .४२४ ची सरासरी काढली होती (म्हणजे हजारात ४२४ वेळा हिट), त्याला विचारलं की हिवाळ्यात बेसबॉल नसताना काय करतोस, तर म्हणे खिडकीतून बाहेर बघत वसंताची वाट बघतो. बाकीच्यांना एवढा दम निघत नाही, ते भांडतात.

भांडायला माल मात्र लागतो आणि तो थंडीतच येतो. बेब रूथ या त्या काळच्या स्टारला बॉस्टन रेड सॉक्सनी न्यूयॉर्क यँकीजना एक लाख डॉलरला विकला तो व्यवहार डिसेंबर १९१९ चा आणि बातमी फुटली जानेवारी १९२० मध्ये. रेड सॉक्सनी त्याआधी १९१८ ला वर्ल्ड सिरीज जिंकलेली, त्यानंतर थेट २००४. म्हणजे एका हिवाळ्यातल्या सौद्यावर जवळजवळ ८५ वर्षं चर्चा झाली, शाप-बिप सगळं झालं, मालकाला तीन पिढ्यांनी शिव्या घातल्या.

त्या काळी प्लेअरला मात्र या गप्पांमध्ये काही बोलायची सोयच नव्हती. 'रिझर्व्ह क्लॉज' नावाची अट होती, कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी टीमचा हक्क संपत नव्हता, टीम म्हणेल तिथे जायचं नाहीतर घरी बसायचं. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सनी कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला पाठवायचं ठरवलं तेव्हा त्यानं जायला नकार दिला, लीगच्या कमिशनरला लिहिलं की मी काही खरेदी-विक्रीची वस्तू नाही, आणि केस सुप्रीम कोर्टापर्यंत नेली. १९७२ ला तो हरला, करिअरही तिथेच संपल्यात जमा झालं. पण दार किलकिलं झालं होतं. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर सायट्झ या लवादानं अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरच्या (पिचर म्हणजे बॉल टाकणारा) बाजूनं निकाल दिला आणि फ्री एजन्सी आली. आज मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सर्व्हिस झाली की कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर प्लेअर मोकळा, ज्याला पाहिजे त्याच्याशी बोलू शकतो. हॉट स्टोव्हला खरा जाळ लागला तो इथून, कारण आता 'आपण कोणाला विकतोय' एवढाच प्रश्न उरला नाही, 'कोण आपल्याकडे यायला तयार आहे' हाही आला, आणि त्यात मान-अपमान आला.

आपल्या लोकांना समजावताना पहिलं उदाहरण आयपीएल ऑक्शनचं तोंडावर येतं, पण ते अर्धंच जुळतं. आयपीएलमध्ये एक-दोन दिवसांत हातोडा पडून विषय संपतो, पर्स सगळ्यांची सारखी. इथे हातोडाच नाही. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत एजंट आणि टीम फोनवर घासाघीस करतात, खर्चाला पक्की मर्यादा नाही, एका हद्दीच्या वर गेलं तर लक्झरी टॅक्स भरायचा एवढंच. त्यामुळे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसवाल्यांची ऐट वेगळी आणि पिट्सबर्गच्या फॅनचं दुखणं वेगळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंतला लखनौनं २७ कोटींना घेतलं तेव्हा आपण तोंडात बोटं घातली, त्याच्या पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क मेट्सनी हुआन सोतोला १५ वर्षांसाठी ७६५ मिलियन डॉलर दिले, म्हणजे साधारण साडेसहा हजार कोटी. आकडा बाजूला ठेवा, वर्षं बघा. १५ वर्षं! सही केली तेव्हा माणूस २६ चा होता, कॉन्ट्रॅक्ट संपेल तेव्हा चाळिशीत असेल, आणि चाळिशीत तो पळू शकेल का यावर लोक आत्ताच हमरीतुमरीवर येतात.

या सगळ्या वादांच्या मुळाशी बघितलं तर भांडण एकच आहे, आज का उद्या. आणि 'उद्या' म्हणजे प्रॉस्पेक्ट. क्रिकेटमधल्या अंडर-१९ वाल्यासारखा प्रकार, पण व्यवस्था फार मोठी. प्रत्येक मेजर लीग टीमच्या खाली चार पायऱ्या, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, मिळून १२० टीम, तिथली पोरं बसमधून गावोगाव फिरत वर्षानुवर्षं खेळतात. स्काउट त्यांना २० ते ८० च्या स्केलवर मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण प्लेअर, ८० म्हणजे देवमाणूस. बॅटिंग, पॉवर, धावणं, फिल्डिंग, थ्रो, प्रत्येकाला वेगळा मार्क. 'बेसबॉल अमेरिका' हे मासिक १९९० पासून दरवर्षी टॉप १०० ची यादी काढतं आणि यादी आली की आपला पोरगा ३४ वा का आणि त्यांचा १२ वा का यावरून आठवडा जातो. ज्यानं त्या पोराला एकदाही खेळताना बघितलेलं नाही तो सगळ्यात जोरात बोलतो. माझाही यात हात आहे, कबूल करतो.

प्रॉस्पेक्टला छातीशी धरून बसणाऱ्या फॅनला तिथे चिडवायला 'प्रॉस्पेक्ट हगर' म्हणतात. त्याच्या उलट दुसरा पंथ, ज्याला सगळी पोरं आजच्या आज देऊन स्टार पाहिजे असतो. आणि दोन्ही पंथांत सापडणारा तिसरा नमुना म्हणजे आपले तीन टाकाऊ प्लेअर देऊन समोरच्याचा हिरो मागणारा, 'तीन देतोय की आम्ही!' असं वर म्हणणारा.

या भांडणाचा नमुना म्हणून डिसेंबर २०१२ चा कॅन्सस सिटी रॉयल्स आणि टॅम्पा बे रेज यांच्यातला ट्रेड (प्लेअरची अदलाबदल) घ्यावा, माझ्या मते याच्याइतकं शिकवणारं उदाहरण नाही. रॉयल्स १९८५ नंतर एकदाही प्लेऑफला गेले नव्हते. त्यांच्याकडे विल मायर्स होता, त्या वर्षीचा मायनर लीगचा, म्हणजे त्या खालच्या पायऱ्यांवरचा, सर्वोत्तम प्लेअर. त्यांनी मायर्स आणि अजून तीन पोरं दिली आणि बदल्यात जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस हे पिचर घेतले. आकडेमोड करणारी सगळी मंडळी तुटून पडली, सहा-सात वर्षं स्वस्तात खेळला असता तो पोरगा दिला आणि शील्ड्स तर दोन वर्षांत निघून जाणार, असा वेडेपणा कोण करतं. पुढच्या वर्षी मायर्स रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या प्लेअरमधला सर्वोत्तम, झाला, मग काय, 'बघा आम्ही सांगत होतो' सुरू. २०१४ ला रॉयल्स वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचपर्यंत जाऊन हरले, तेव्हा आवाज जरा खाली आला. २०१५ ला जिंकले. शेवटचा आउट काढला वेड डेव्हिसनं, ज्याला ट्रेडच्या वेळी लोक 'आणि सोबत अजून एक' म्हणून मोजत होते. तोवर शील्ड्स सॅन दिएगोला गेलेला आणि गंमत म्हणजे मायर्ससुद्धा सॅन दिएगोलाच. म्हणजे ज्या दोघांवरून एवढं भांडण झालं ते एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले होते आणि कप तिसऱ्याच्या हातात. अजून पुढचं ऐका, रॉयल्सनी दिलेल्या त्या बाकीच्या तिघांमधला माइक माँटगोमेरी फिरत फिरत शिकागो कब्जला पोचला आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट त्यानं काढला. मग ट्रेड कोण जिंकलं? कॅन्सस सिटीत विचारलं तर उत्तर एका सेकंदात मिळतं, बाकी ठिकाणी अजून चालू आहे.

प्रॉस्पेक्ट फसतात त्याच्या कहाण्या ढीगभर. ब्रायन टेलर १९९१ च्या ड्राफ्टमधला (टीमनी आळीपाळीनं नवी पोरं निवडायची पद्धत) पहिला नंबर, यँकीजनी त्याला १५ लाख ५० हजार डॉलर बोनस दिला, डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत खांदा गेला आणि तो मेजर लीगमध्ये एकही बॉल टाकू शकला नाही. उलट माइक पियाझा १९८८ ला ६२ व्या राउंडमध्ये, १३९० वा, तोही वडिलांच्या ओळखीवर घेतलेला, आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये. रॉबर्टो क्लेमेंटे तर ब्रुकलिन डॉजर्सनी खाली लपवून ठेवला होता, १९५४ च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गनं नियमाचा फायदा घेऊन ४,००० डॉलरला उचलला. म्हातारा झाला म्हणून विकायची घाईसुद्धा नडते, सिनसिनाटीनं डिसेंबर १९६५ ला फ्रँक रॉबिन्सनला बाल्टिमोरला दिलं, वय ३०, मालकाच्या मते तो 'म्हातारा ३०' होता. पुढच्याच वर्षी त्या म्हाताऱ्यानं ट्रिपल क्राउन मारला, म्हणजे बॅटिंगच्या तिन्ही मुख्य आकड्यांत पहिला आला, आणि वर्ल्ड सिरीजही जिंकून दिली.

डिसेंबरात विंटर मीटिंग्ज होतात, सगळे जीएम, एजंट, रिपोर्टर एका हॉटेलात चार दिवस, आणि अफवांचा कारखाना तीन शिफ्टमध्ये चालतो. 'मिस्ट्री टीम' हा शब्द इथलाच, एजंटनं भाव वाढवायला सोडलेली पुडी असते ती बऱ्याचदा, पण अधूनमधून खरंच एखादी निघते म्हणून कोणी हसण्यावारी नेत नाही. २०२२ मध्ये ॲरन जज ६२ होमरन (आपल्याकडच्या सिक्सरसारखे) मारून फ्री एजंट झाला होता, लहानपणी तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा फॅन, तेव्हा एका नावाजलेल्या रिपोर्टरनं ट्विट टाकलं की 'आरसन जज' जायंट्सकडे चाललाय. स्पेलिंग चुकलं, आरसन म्हणजे जाळपोळ, आणि बातमीही चुकली. काही मिनिटांत माफी आली पण तेवढ्यात अर्ध्या सॅन फ्रान्सिस्कोनं पार्टी करून घेतली. जज यँकीजकडेच राहिला, ९ वर्षं, ३६० मिलियन. त्याच महिन्यात जायंट्सनी कार्लोस कोरेआशी १३ वर्षांचा ३५० मिलियनचा सौदा ठरवला, मेडिकलमध्ये घोट्यावरून अडलं, मग मेट्सशी १२ वर्षं ३१५ मिलियन, तिथेही घोटाच आडवा आला, शेवटी गडी जुन्याच मिनेसोटाकडे ६ वर्षं २०० मिलियनवर परत. साखरपुडा दोनदा मोडून पहिल्याच मुलीशी लग्न.

पण सगळ्यात भारी दिवस ८ डिसेंबर २०२३. बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा जपानी स्टार शोहेई ओहतानी फ्री एजंट, आणि बातमी आली की तो टोरंटोच्या टीमशी सही करायला निघालाय. दक्षिण कॅलिफोर्नियातून टोरंटोला जाणारं एक प्रायव्हेट जेट लोकांनी शोधून काढलं आणि हजारो माणसं कामधंदा सोडून नकाशावर तो पिवळा ठिपका सरकताना बघत बसली. कोणी म्हणालं स्टेडियमजवळचं अख्खं सुशी रेस्टॉरंट बुक झालंय. विमान उतरलं, दार उघडलं, आणि आत कोण, तर रॉबर्ट हर्जावेक, टीव्हीवर 'शार्क टँक'मध्ये बसणारा कॅनेडियन बिझनेसमन, बरोबर मुलं. दुसऱ्या दिवशी ओहतानीनं इन्स्टाग्रामवर लॉस एंजेलिस डॉजर्सचं नाव टाकलं. १० वर्षं, ७०० मिलियन, त्यातले ६८० नंतर द्यायचे, खेळताना वर्षाला फक्त २ मिलियन. यावर 'हा उधारीचा धंदा बंद करा' अशी ओरड अजून चालू आहे.

स्टोव्ह विझलेले हिवाळेही आहेत. १९८५ पासून दोन-तीन वर्षं मालकांनी आपसात संगनमत करून दुसऱ्याच्या फ्री एजंटला हातच लावायचा नाही असं केलं. आंद्रे डॉसननं वैतागून १९८७ ला शिकागो कब्जपुढे कोरं कॉन्ट्रॅक्ट ठेवलं, आकडा तुम्हीच भरा म्हणाला, त्यांनी पाच लाख डॉलर भरले आणि त्यानं एमव्हीपी, म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम प्लेअरचा मान, मिळवला. मालकांना शेवटी २८० मिलियन भरपाई द्यावी लागली. नंतर २०२१-२२ चा लॉकआउट, म्हणजे मालकांनीच लावलेलं टाळं, ९९ दिवस मेजर लीगमध्ये एकही सही नाही, एकही ट्रेड नाही, लीगच्या साइटवरून प्लेअरचे फोटोसुद्धा काढून टाकलेले.

भारताचा या हिवाळ्याशी थेट संबंध एकदा आला. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकवाल्या पोरांना साइन केलं, टीव्हीवरच्या बॉल फेकायच्या स्पर्धेतून निवडलेली, आधी कधी बेसबॉल न खेळलेली. (हा रिंकू वेगळा, केकेआरवाला नव्हे. हा पुढे कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून गाजला.) दोघंही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. न्यू जर्सीत राहणारे आपले मराठी लोक यँकीज नाहीतर मेट्सच्या वादात ओढले जातातच, बहुतेक वेळा शाळेत जाणाऱ्या पोरांमुळे, आणि दोन सीझनमध्ये बाप पोरापेक्षा जास्त तावातावानं बोलायला लागतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि कॅचर ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या कॅम्पला हजर होतात आणि ही लीग अधिकृतपणे नाही पण व्यवहारात संपते. त्या आठवड्यात प्रत्येक टीममधून एक तरी बातमी येते की मागच्या वर्षी फेल गेलेला अमुकतमुक प्लेअर यंदा आयुष्यातल्या सगळ्यात फिट अवस्थेत आलाय, सात-आठ किलो उतरवलंय, नवीन प्रकारचा बॉल टाकायला शिकलाय. दरवर्षी येते. जाळीमागे उभा राहून त्याचे पहिले पंधरा-वीस थ्रो बघणारा म्हातारा शेजारच्याला म्हणतो, यंदा वेगळा वाटतोय हा.