डोंगर एक, अर्जाची दारं तीन: सँटा मोनिका डोंगरात निसर्गशिक्षकाचं काम हवं असेल तर

"अर्ज बाद झाला, का ते कळलं नाही," असा फोन दर हिवाळ्यात एकदोनदा तरी येतो. मी पहिला प्रश्न विचारतो: नागरिकत्व की ग्रीन कार्ड? बरेचदा तिथेच उलगडा होतो.

लॉस एंजेलिसजवळच्या सँटा मोनिका माउंटन्स नॅशनल रिक्रिएशन एरियाचं नाव वाचून सगळा डोंगर एकाच खात्याचा वाटतो. प्रत्यक्षात १९७८ साली स्थापन झालेला हा दीड लाख एकरांचा पट्टा म्हणजे गोधडी आहे. काही तुकडे केंद्राच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचे, काही कॅलिफोर्निया स्टेट पार्क्सचे, काही माउंटन्स रिक्रिएशन अँड कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटी या स्थानिक सरकारी संस्थेचे, आणि मधेमधे लोकांची घरं. शाळेच्या मुलांना चॅपरलची झुडपं दाखवत फिरणारा माणूस या तिघांपैकी कुणाच्याही पगारावर असू शकतो. अर्ज मात्र तिघांकडे वेगवेगळे करावे लागतात. इथे बोलतोय ते पहिल्या दोघांबद्दल, केंद्र आणि राज्य.

केंद्राच्या नोकरीला अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड चालत नाही, मग तुम्ही वीस वर्षं इथे कर भरत असा. राज्याच्या हंगामी पदाला काम करण्याचा कायदेशीर परवाना पुरतो. ग्रीन कार्डवाल्यांनी म्हणूनच केंद्राच्या दारावर डोकं आपटण्यात हंगाम घालवू नये.

पदांच्या नावांचाही घोळ आहे. उद्यानांत निसर्गशिक्षकाला 'इंटरप्रिटर' म्हणतात, पण एवढंच टाकून शोधलंत तर कोर्टातल्या दुभाष्यांच्या जागा समोर येतील. राज्याकडे 'पार्क इंटरप्रिटिव्ह स्पेशलिस्ट (सीझनल)' असं शोधा. तिथला 'रेंजर' हा पोलिसांचे अधिकार असलेला बंदूकधारी माणूस असतो, ती भरती निराळी. केंद्राकडे मात्र 'पार्क गाइड' आणि 'पार्क रेंजर (इंटरप्रिटेशन)' या नावांनी आपलं काम मिळतं.

केंद्राचा अर्ज यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर भरायचा. खातं उघडणं सोपं आहे. अडतं ते शिक्षणाशी. पार्क रेंजरच्या जीएस-५ या पगाराच्या पायरीसाठी पदवीच्या जोरावर अर्ज करायचा तर नुसती पदवी पुरत नाही. निसर्गविज्ञान, भूशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, समाजशास्त्रं अशा ठरावीक विषयांचे मिळून २४ सेमिस्टर तास (म्हणजे क्रेडिट) त्यात दिसावे लागतात. आपल्यातल्या इंजिनिअरांची गाडी इथेच रुतते. पदवी मोठी, पण यादीतले विषय मोजायला गेलं तर हाताची बोटंही उरतात. त्यांनी अनुभवाच्या बाजूने अर्ज करावा: आधीच्या पायरीच्या, म्हणजे जीएस-४ च्या तोडीचं एक वर्षाचं काम.

पदवी भारतातली असेल तर तिचं मूल्यमापन, म्हणजे ती अमेरिकेतल्या कोणत्या शिक्षणाच्या तोडीची ते, नेसेससारख्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं, आणि ते विषयवार हवं. त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा) मागवण्यात आठवडेच्या आठवडे जातात. जाहिरात काही दिवसच उघडी असते. जाहिरात बघून ट्रान्सक्रिप्टच्या मागे लागलेला उमेदवार वेळेत पोचलेला मी तरी पाहिलेला नाही. उन्हाळ्याच्या जागांची भरती काही महिने आधीच सुरू होते, तेव्हा कागद त्याच्याही आधी हातात हवेत.

एक काकू माझ्याकडे बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राची मार्कशीट घेऊन आल्या होत्या, चांगली लॅमिनेट केलेली, कोपऱ्यात पिवळी पडलेली. नऊ वर्षं शाळेत शिकवलेलं, दर पावसाळ्यात मुलांना घेऊन पन्हाळा. या कामाला याहून योग्य माणूस कुठून आणायचा? भारतातला अनुभवही धरला जातो. पण रेझ्युमेवर प्रत्येक कामापुढे सुरुवातीचा-शेवटचा महिना, वर्ष आणि आठवड्याचे तास लागतात. काकूंनी लिहिलं होतं: आठवड्याला २८ तास. म्हटलं, काकू, एवढेच? तर त्यांनी वर्गावरचे तास मोजले होते! वह्या तपासणं, सहलीची तयारी, पालकसभा, सगळं बाहेर. या हिशेबाने पूर्णवेळ नोकरी अर्धवेळ ठरते आणि वर्षं आटतात.

स्वयंसेवेचाही अनुभव मोजतात, पण चाळीस तासांच्या आठवड्याच्या प्रमाणात. आठवड्याला आठ तास वर्षभर केलंत तर हाती पडतात जेमतेम अडीच महिने. 'एक वर्ष स्वयंसेवक' असं लिहून खूश होऊ नका.

सप्टेंबर २०२५ पासून यूएसएजॉब्सवर रेझ्युमे दोनच पानांचा लागतो. सरकारी रेझ्युमे पाच-सहा पानी असावा, हा जुना सल्ला अजून व्हिडिओंत फिरतोय. ऐकू नका.

शेवटची वेळ रात्री ११:५९ दिलेली असते, पण ती पूर्व किनाऱ्याची. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा ८:५९ वाजलेले असतात. जेवण आटपून निवांत बसू म्हणणारे इथे हुकतात. शिवाय काही जाहिरातींत अर्जांची कमाल संख्या ठरलेली असते. ती भरली की त्याच रात्री खिडकी बंद, तारीख पुढची का असेना.

१९५९ नंतर जन्मलेल्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीच्या यादीतली, नोंदणी विचारतात. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर नियमित राहिला असाल तर नोंदणीची सक्ती नव्हती. पण नुसतं 'नाही' लिहून पुढे जाऊ नका, नोंदणी लागू होती की नाही ते सांगणारं 'स्टेटस इन्फर्मेशन लेटर' मागवून जवळ ठेवा. सव्विशीच्या आत ग्रीन कार्ड मिळालं आणि नोंदणी राहिली, तर प्रकरण अवघड आहे. ते लपवू तर अजिबात नका.

राज्याचा अर्ज त्या मानाने सुटसुटीत: एसटीडी ६७८ नावाचा फॉर्म. मुलांशी संबंध येणार म्हणून निवड झाल्यावर 'लाइव्ह स्कॅन'ने बोटांचे ठसे घेतात.

राहिला नावाचा घोळ. मार्कशीटवर माहेरचं नाव, तेही आडनाव आधी. पासपोर्टवर सासरचं. मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. काकूंचं मूल्यमापन माहेरच्या नावाने आलं आणि अर्ज सासरच्या नावाने भरलेला. लग्नाचा दाखला कोल्हापुरात, कपाटात, मराठीत. भावाने फोटो पाठवला, भाषांतर झालं, तोवर ८:५९ होऊन गेले होते. पुढच्या हंगामात त्यांनी सगळं दिवाळीआधीच तयार ठेवलं.