‘कन्झ्यूम’ आधी की माल आधी? अँड्रॉइड ॲपमधील खरेदीची पार्श्वभूमी

अँड्रॉइड ॲपमध्ये खरेदीची सोय करायची असेल, तर आज बिल्ड फाइलमध्ये लायब्ररीची, म्हणजे तयार कोडाच्या संचाची, एक ओळ घालून कामाला सुरुवात होते. ती ओळ नव्हती तेव्हा काय करावे लागे, आणि लहान, हलक्या लायब्रऱ्या का जन्माला आल्या, हे कळायचे असेल तर 2012 च्या अखेरीपासून 2017 पर्यंतची पाच वर्षे पाहावी लागतात. आजचे बरेचसे नियम त्या काळातल्या चुकांतून आले आहेत. ‘कन्झ्यूम’ म्हणजे विकलेल्या वस्तूची गूगलच्या प्ले स्टोअरकडची मालकीची नोंद खोडण्याची विनंती; ती आधी की माल आधी, हा त्यांतला मुख्य प्रश्न.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. आयफोनवर ॲपमधील खरेदी जून 2009 मध्ये आली आणि ऑक्टोबरपासून ती मोफत ॲप्सनाही खुली झाली. अँड्रॉइडवर ती मार्च 2011 मध्ये पोहोचली, आणि सबस्क्रिप्शनची सोय त्यानंतर वर्षभराने झाली. अँड्रॉइडच्या या बिलिंग व्यवस्थेच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ‘अनमॅनेज्ड’ नावाचा एक प्रकार होता. त्या वस्तूंची नोंद स्टोअर स्वतःकडे ठेवत नसे, त्यामुळे फोन बदलला की गिऱ्हाइकाची खरेदीही गेली.

डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही पद्धत मोडीत काढली. आता विकलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद स्टोअरकडे राहू लागली आणि ॲप व स्टोअर यांच्यातला सगळा संवाद अवघ्या पाच फंक्शनांत मावू लागला. मात्र लायब्ररी म्हणून हाती काहीच दिलेले नव्हते. ॲप आणि स्टोअर यांनी एकमेकांशी कसे बोलायचे हे सांगणारी, एआयडीएल प्रकारची एक फाइल ठरलेल्याच फोल्डरात नेऊन ठेवायची, आणि बाकीचे वर्ग (क्लास, म्हणजे कोडाचे भाग) ‘ट्रिव्हियल ड्राइव्ह’ या नमुना ॲपमधून उचलून आपल्या प्रकल्पात चिकटवायचे, अशी रीत होती.

चिकटवलेल्या त्या कोडाने पुढे बराच त्रास दिला. एक विनंती पूर्ण होण्याआधी दुसरी गेली की नमुन्यातला मदतनीस वर्ग सरळ अपवाद (एक्सेप्शन) फेकत असे, म्हणजे किमतींची यादी येत असतानाच कोणी ‘विकत घ्या’ दाबले की ॲप बंद पडे. त्याहून गंभीर दोष पावतीवरच्या डिजिटल सहीच्या तपासणीत होता. स्टोअरकडून आलेली पावती खरी आहे की नाही हे पाहणारे फंक्शन, सही रिकामी असेल तर तपासणी वगळून थेट ‘खरे’ असे उत्तर देत होते. शिवाय स्टोअरच्या सेवेशी जोडून घेताना ती सेवा नेमकी कोणत्या ॲपची हवी हे सांगितलेले नव्हते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की फोनवरचे दुसरे एखादे ॲप स्टोअरचे सोंग घेऊन रिकाम्या सहीची पावती देऊ शके. हा दोष 2013 मध्ये उघड झाला आणि नमुन्यात दुरुस्तही झाला, पण हजारो प्रकल्पांत आधीच उतरलेल्या प्रतींपर्यंत ती दुरुस्ती आपोआप पोहोचण्याचा मार्ग नव्हता. पुढे 2014 मध्ये अँड्रॉइड 5.0 ने सेवेचे नाव स्पष्ट सांगणे सक्तीचे केले. तेव्हा नव्या प्रणालीला लक्ष्य करून पुन्हा बांधलेली कित्येक ॲप्स उघडताच कोसळली आणि आपल्याकडे जुनी प्रत पडून आहे, हे त्यांच्या कर्त्यांना त्या दिवशी समजले.

हलक्या लायब्रऱ्यांची गरज इथून निर्माण झाली. एकेकट्या डेव्हलपरांनी फावल्या वेळात लिहिलेल्या या लायब्रऱ्यांत फारतर दहा-पंधरा वर्ग असत. स्टोअरशी असलेली जोडणी तुटली तर पुन्हा जोडणे, विनंत्या रांगेत लावणे, सही तपासणे आणि झालेल्या खरेदीची नोंद फोनवर जपणे, एवढेच त्यांचे काम. दोष सापडला तर आवृत्तीचा आकडा बदलला की दुरुस्ती घरपोच मिळे, हा त्यांचा खरा लाभ होता. आकाराने लहान असण्याचे कौतुक जास्त झाले, पण माझ्या मते या लाभाचे मोल अधिक आहे.

एक प्रश्न मात्र या लायब्रऱ्यांनाही सुटला नाही, आणि तो ‘कन्झ्यूम’ या शब्दाशी निगडित आहे. आयफोनवर एखादी वस्तू वापरून संपणारी आहे की कायमची, हे ती दुकानात मांडतानाच जाहीर करावे लागते. अँड्रॉइडच्या बिलिंग व्यवस्थेच्या तिसऱ्या आवृत्तीत वस्तूला असा गुणधर्मच नव्हता. खेळातल्या शंभर नाण्यांची थैली काय आणि जाहिराती कायमच्या बंद करण्याची सोय काय, दोन्ही स्टोअरच्या लेखी सारख्याच. ॲपने ‘कन्झ्यूम’ची विनंती पाठवली की स्टोअर आपल्या वहीतली मालकीची नोंद खोडते आणि तीच वस्तू पुन्हा विकता येते. म्हणजे शब्द ‘उपभोगा’चा असला तरी गिऱ्हाइकाने नाणी खर्च करण्याशी त्याचा काही संबंध नाही. मराठीत त्याला ‘नोंद मोकळी करणे’ म्हटले असते तर निम्मा गोंधळ टळला असता.

मग नोंद आधी मोकळी करायची की माल आधी द्यायचा? त्या वेळच्या अधिकृत मार्गदर्शनात उत्तर निःसंदिग्ध होते: आधी ‘कन्झ्यूम’, ते यशस्वी झाल्याचे उत्तर आले की मग माल. उलट केले तर एकाच खरेदीवर लबाडीने अनेकदा माल मिळवता येईल, असा त्यामागचा विचार दिसतो. ‘ट्रिव्हियल ड्राइव्ह’मधली गाडी याच क्रमाने चाले. पेट्रोल विकत घेतले की प्रथम नोंद मोकळी व्हायची, आणि त्यानंतरच टाकी एक चतुर्थांश भरून तो आकडा फोनमध्ये जतन व्हायचा.

आता कसारा घाटातून जाणाऱ्या गाडीत कोणी दहा रुपये देऊन खेळातली नाणी घेत आहे असे समजा. ‘कन्झ्यूम’ची विनंती स्टोअरपर्यंत पोहोचली, तिथली नोंद खोडली गेली, आणि उत्तर परत येण्याआधी गाडी बोगद्यात शिरली. पैसे गेले, नोंद गेली, नाणीही आली नाहीत, आणि ॲप पुन्हा उघडल्यावर विचारावे तर स्टोअरच्या चालू मालकीच्या यादीत त्या खरेदीचा मागमूस नाही. लबाडी रोखण्यासाठी प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जोखीम ठेवणारा हा क्रम मुळातच चुकीचा होता, असे माझे ठाम मत आहे. सर्व्हरवर पावतीचे टोकन, म्हणजे त्या खरेदीची खास खूण, एकदाच स्वीकारण्याची व्यवस्था केली की माल आधी देऊनही लबाडी थांबते. पण सर्व्हर नको म्हणूनच अनेकांनी हलकी लायब्ररी निवडलेली होती, हे त्यातले दुखणे. भारतात 2015 मध्ये किमान किंमत पन्नास रुपयांवरून 10 रुपयांवर आली, त्यानंतर अशा लहान खरेद्यांसाठी हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला.

अधिकृत बिलिंग लायब्ररीची पहिली आवृत्ती सप्टेंबर 2017 मध्ये आली, तरी क्रमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने मे 2019 मधल्या दुसऱ्या आवृत्तीने हाती घेतला. ॲपने प्रत्येक खरेदीची पोच स्टोअरला तीन दिवसांत द्यायची, न दिल्यास पैसे आपोआप परत जाणार, असा नियम झाला. ‘कन्झ्यूम’ केले तर पोचही दिल्यासारखीच. पडताळणी, मग माल, मग पोच हा क्रम आता मार्गदर्शनात आला आणि जोखीम गिऱ्हाइकाकडून विक्रेत्याकडे सरकली. दुकानात जाऊन रोख भरणाऱ्यांसाठी ‘प्रलंबित’ ही स्थितीही त्याच आवृत्तीत आली. पोच देण्याचे विसरलेल्या डेव्हलपरांना मात्र विक्री झाल्यावर तीन दिवसांनी पैसे परत गेल्याच्या नोंदी दिसू लागल्या.

त्यानंतर मुदतींचे सत्र सुरू झाले. नव्या ॲप्सना 2 ऑगस्ट 2021 पासून आणि जुन्यांच्या अपडेटना 1 नोव्हेंबर 2021 पासून अधिकृत लायब्ररीची तिसरी किंवा त्यापुढची आवृत्ती सक्तीची झाली. मे 2022 मधल्या पाचव्या आवृत्तीने सबस्क्रिप्शनची रचनाच बदलून मूळ योजना आणि सवलती वेगळ्या केल्या. ऑक्टोबर 2022 मध्ये भारताच्या स्पर्धा नियामकाने प्ले स्टोअरचेच बिलिंग वापरण्याच्या सक्तीवरून गूगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि पर्यायी बिलिंगचा विषय लहान डेव्हलपरांच्याही दारात आला. या प्रत्येक बदलाबरोबर हलक्या लायब्रऱ्यांच्या कर्त्यांना आतला भाग नव्याने लिहावा लागला. ज्यांना ते जमले नाही, त्यांच्या लायब्रऱ्यांवर उभी असलेली ॲप्स अपडेटविना अडकली.

2025 मधल्या आठव्या आवृत्तीत, तुटलेली जोडणी आपोआप पुन्हा जोडून घेण्याची सोय अधिकृत लायब्ररीतच आली आहे. हलक्या लायब्रऱ्या हे काम गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून करत होत्या. माल कधी द्यायचा आणि नोंद कधी मोकळी करायची, हे मात्र आजही ॲपच्या कोडात डेव्हलपरलाच लिहावे लागते.