पाणकावळ्याच्या पिसांना तेल नसतं?

पंख पसरून बसलेल्या पाणकावळ्याचा फोटो आणि खाली एक ओळ: ‘याच्या अंगात तेलच तयार होत नाही, म्हणून बिचाऱ्याला पंख वाळवावे लागतात.’ वर्षानुवर्षं फिरतंय हे. पंख वाळवतो हे खरंच, म्हणून तेल नसल्याचंही पटतं.

पण तेलाची ग्रंथी त्याच्याही शेपटीच्या मुळाशी असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ सकाळी अर्धा तास थांबा. बाहेर आलेला पक्षी मान मागे वळवून चोच शेपटीच्या बुडाशी घासतो, मग तीच चोच पिसांवरून फिरवतो. झूम लेन्स असेल तर चोचीचं टोक टिपता येतं.

मग तो भिजतो कशामुळे? पिसांच्या रचनेमुळे. पिसाची बाहेरची कड सैल, तिथे पाणी शिरतं. मधला भाग घट्ट, त्यामुळे कातडीलगत हवेचा पातळ थर कोरडा राहतो. बदकाच्या पिसांत हवा जास्त, म्हणून ते बुचासारखं तरंगतं. पाणकावळ्याला माशामागे बुडी मारायची असते, तिथे हवा कमी असलेलीच बरी. पोहताना त्याची पाठ जेमतेम पाण्यावर दिसते, शेजारी हळदी-कुंकू बदक असेल तर फरक लगेच कळतो.

फोटो काढायला मात्र जवळ जाऊ नका, ओल्या पंखांनी त्याला उडावं लागतं.