मानधन, विद्यापीठीय अतिथींचे (कॅनडा)

व्याख्यान, चर्चासत्र वा मूलनिवासी विधीसाठी विद्यापीठाने बोलावलेल्या बाहेरच्या व्यक्तीस द्यावयाची रक्कम. पगार व प्रवासखर्चाचा परतावा तिच्यात धरत नाहीत.

प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. एक धागा रोमपर्यंत नेला जातो : इ. स. पू. २०४ च्या सिंसिअन कायद्याने वकिलांच्या बिदागीला मनाई केली, सम्राट क्लॉडिअसने इ. स. ४७ च्या सुमारास १०,००० सेस्टर्सच्या मर्यादेत ती मान्य केली. मूलनिवासी अतिथींच्या बाबतीत ही वंशावळ अपुरी पडते. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मूलनिवासींच्या पॉटलॅच या देणगी-समारंभात पाहुणे हे साक्षीदार असतात. जाहीर झालेले नाव वा हक्क त्यांनी स्मरणात ठेवायचा व त्याबद्दल यजमानाने त्यांना वस्तू किंवा पैसा द्यायचा, असा संकेत आहे (१८८५–१९५१ या काळात समारंभावर कायद्याने बंदी होती). मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने १८९७ मध्ये या देवघेवीची तुलना व्याजी कर्जाशी केली. साक्षीचा मोबदला हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

अनिशिनाबे व क्री या मूलनिवासी समाजांत ज्येष्ठांना (परंपरेचे ज्ञान जपणाऱ्या वडीलधाऱ्यांना) विनंती करतानाच तंबाखू देतात. ती स्वीकारली म्हणजे विनंती मान्य झाली. कार्यक्रम संपल्यावर दिलेली तंबाखू हे काम करीत नाही आणि मानधनाची जागाही घेत नाही. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइटांत ही रीत नाही. कोणती भेट योग्य, हे ज्येष्ठांच्या समाजाकडूनच आधी विचारून घ्यावे. सोबत येणाऱ्या साहाय्यकाचेही मानधन व जेवण अंदाजपत्रकात धरावे. बहुधा तेच राहून जाते.

कॅनडातील रहिवाशास वर्षात ५०० डॉलरहून अधिक दिल्यास टी४ए पत्रक (कर खात्यासाठी उत्पन्नाची नोंद) निघते व नऊ अंकी सामाजिक विमा क्रमांक लागतो. पुण्यामुंबईहून कॅनडात जाऊन बोलणाऱ्या वक्त्याच्या मानधनातून १५ टक्के कर कापतात, क्वेबेकमध्ये आणखी ९ टक्के. या करकपातीतून सवलतीचा आर१०५ अर्ज काम सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी करावा लागतो. इंडियन ॲक्ट या मूलनिवासींविषयीच्या कायद्याच्या कलम ८७ ची करमाफी केवळ मूलनिवासी म्हणून नोंदणीकृत दर्जामुळे मिळत नाही. विल्यम्स खटल्यातील (१९९२) निकषांनुसार उत्पन्न मूलनिवासींच्या राखीव प्रदेशाशी निगडित असावे लागते. त्यामुळे शहरातील विद्यापीठाच्या परिसरात दिलेल्या व्याख्यानाला ती गृहीत धरू नये. मेटी (मूलनिवासी व युरोपीय अशा संमिश्र वंशाचा समाज) व इन्युइटांना हे कलम लागू नाही.

सर्वाधिक घोटाळा वेळेचा होतो. विमा क्रमांक कार्यक्रमानंतर मागितला की धनादेश आठवडेच्या आठवडे अडकतो, आणि दूरच्या वस्तीतून आलेल्या वृद्ध अतिथीला पैशासाठी ताटकळत ठेवणे हा अवमानच आहे. म्हणून मानधनाचा अर्ज दोन-तीन आठवडे आधी भरून घ्यावा व पाकीट त्याच दिवशी हाती द्यावे. भेटकार्ड देऊन ही कागदपत्रे टळत नाहीत. करासाठी ते रोख रकमेसारखेच मोजले जाते.